डोंबिवली सोडून लालबागला राहायला आलो, साडेपाच महिने झाले

निशिगंध | १६ नोव्हेंबर, रात्री १०.१२

मार्चमध्ये मी इथेच विचारलं होतं की ऑफिसजवळ भाड्याने राहायला जावं का. ज्यांनी वेळ काढून उत्तरं दिली त्यांना पुढे काय झालं ते सांगायचं राहूनच गेलं. मे अखेरीस आम्ही डोंबिवली पूर्वेहून लालबागला आलो. मी, नवरा आणि चौथीतला मुलगा. सासूबाई डोंबिवलीलाच राहिल्या आहेत. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधीचा दिवस कसा जायचा ते सांगते. माझं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. सव्वासातला घर सोडायचं, शेअर रिक्षाच्या रांगेत दहा-पंधरा मिनिटं, मग फास्ट गाडी. फास्ट करीरोडला थांबत नाही, म्हणून दादरला उतरून, पूल चढून, स्लोने करीरोड आणि पुढे चालत. दारापासून दारापर्यंत एक तास पन्नास मिनिटं, तेही सगळं सुरळीत असेल तर. संध्याकाळी परळहून सुटणारी कल्याण लोकल मिळाली तर बसायला मिळायचं. नाही मिळाली तर दादरला लेडीज डब्यात जे होतं ते इथल्या निम्म्या बायकांना माहीत आहे.

मुलगा संध्याकाळी फोन करायचा आणि एकच विचारायचा, "आई, ठाणे गेलं का?" ठाण्यानंतर मला घरी यायला किती वेळ लागतो हे त्याला पाठ झालं होतं. ठाणे गेलं नसेल तर तो आजीजवळ जेवून झोपायचा. आठवड्यातून चार दिवस असंच. हे तीन वर्षं चाललं आणि मला त्याची सवय झाली होती. फेब्रुवारीत एकदा मी आजारी पडून आठवडाभर घरी होते, तेव्हा तो संध्याकाळी सातला माझ्या खोलीच्या दारात येऊन नुसता उभा राहायचा. मी खरंच घरी आहे का ते बघायला. त्यानंतर मी इथे धागा काढला.

डोंबिवलीच्या फ्लॅटचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. हप्त्याचे ३१ हजार मोकळे झाले म्हणून हे शक्य झालं, हे आधीच सांगते. लालबागला भाडं ४४ हजार, डिपॉझिट दीड लाख, दलाली एक महिन्याचं भाडं. जागा ३४० चौरस फूट कार्पेट, वन बीएचके म्हणायचं एवढंच. चाळ पाडून झालेल्या इमारतीतली मूळ भाडेकरूंची विंग आहे, आम्ही चौदाव्या मजल्यावर. मालक विरारला राहायला गेलेत आणि त्यांची ही खोली आम्ही घेतली.

आता मी ऑफिसला चालत जाते. भारतमाता टॉकीजवरून करीरोडचा पूल ओलांडून वीस मिनिटं. नवऱ्याचं ऑफिस ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. त्याला पूर्वी तास लागायचा, आता एक तास वीस मिनिटं लागतात. पण तो गर्दीच्या उलट्या दिशेने जातो, खिडकीत बसून जातो. त्याने यासाठी एकदाही कुरकुर केलेली नाही आणि मला हे इथे लिहून ठेवायचं आहे.

लालबागच का, हेही सांगते. माझे सासरे इथल्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे होते. दहा बाय बाराच्या खोलीतून चालत पाच मिनिटांत कामावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांची गिरणी पुन्हा नीट सुरू झालीच नाही. सासूबाईंनी त्या खोलीत खाणावळ चालवून सहा वर्षं घर ओढलं. १९८८ मध्ये खोली विकून डोंबिवलीला गेले. सासऱ्यांना एमआयडीसीत नोकरी मिळाली. आणि मग त्यांची सून रोज बेचाळीस किलोमीटर प्रवास करून गिरणीच्याच आवारात काचेच्या इमारतीत कामाला येऊ लागली. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा करीरोडच्या पुलावर दोन मिनिटं थांबले होते.

सासूबाईंना आम्ही बरोबर चला म्हणून खूप सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझे वाईट दिवस तिथे गेलेत, मला परत नको." त्या ७२ वर्षांच्या आहेत, तब्येत ठीक आहे, शेजार चांगला आहे. पण त्या एकट्या आहेत आणि रात्री साडेनऊला मी फोन करते तेव्हा दुसऱ्या बाजूला टीव्हीचा आवाज असतो. मिळालेल्या तीन तासांची किंमत त्यांनी दिली असं मला वाटतं. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

विचारा काय विचारायचं ते. भाडं, शाळा, करार, सगळं सांगते.

---

ठाकुर्ली_फाटक | १६ नोव्हेंबर, रात्री ११.०५

छान लिहिलंत. मी आकड्यांचा माणूस, म्हणून थेट विचारतो. पास, रिक्षा वगैरे किती वाचतं?

---

निशिगंध | १६ नोव्हेंबर, रात्री ११.२०

फर्स्ट क्लासचा पास, रिक्षा, दादरहून कधीमधी टॅक्सी, सगळं धरून साडेचार हजार.

---

ठाकुर्ली_फाटक | १६ नोव्हेंबर, रात्री ११.४१

म्हणजे निव्वळ ३९,५०० जादा. तुमचे रोजचे तीन तास वाचतात, २२ दिवसांचे ६६. तासाला साधारण ६०० रुपये पडले. यजमानांचे रोजचे ४० मिनिटं वजा केले तर कुटुंबाचे साधारण ५१ तास वाचतात, तेव्हा तास पावणेआठशेला गेला. शिवाय नवी करपद्धत घेतली असेल तर घरभाड्याची वजावट मिळत नाही. जुनी घेऊन दोन्हीकडून हिशोब करून बघा, ऑफिसला जानेवारीत कागद द्यायच्या आधी.

मी तुमच्या निर्णयाला नावं ठेवत नाही. माझ्या पगारात मात्र हा तास मला परवडत नाही, आणि ठाकुर्लीचे बरेच जण याच ठिकाणी अडतात.

---

पळसपान | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.३५

गाडीतूनच लिहितेय. बदलापूर, ६८ किलोमीटर.

ताई, तुझं मनापासून अभिनंदन. पण दोन पगार आणि फिटलेलं कर्ज यावर उभं असलेलं हे उदाहरण आहे, हे तू स्वतःच लिहिलंस म्हणून बरं वाटलं. मी एकटी कमावते. बदलापूरला घर घेतलं कारण तिथेच घेता आलं. लालबागला ४४ हजार म्हणजे माझा जवळजवळ सगळा पगार.

आणि गाडीबद्दलही थोडं बोलू दे. अकरा वर्षं एकाच डब्यात आम्ही सातजणी आहोत. माझं खात्याचं प्रमोशन झालं त्या परीक्षेचा अभ्यास मी याच डब्यात केला, एकजण प्रश्न विचारायची आणि बाकीच्या उत्तरं तपासायच्या. माझ्या आईच्या ऑपरेशनला रक्त द्यायला यातल्याच दोघी आल्या होत्या. दसऱ्याला डबा सजवतो, मार्गशीर्षात हळदीकुंकू करतो. हे सगळं सोसायटीतल्या एकाही बाईबरोबर माझं झालेलं नाही, कारण सोसायटीत मी असतेच कुठे.

भीती मात्र आहे, ती लपवत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात उभे असलेले प्रवासी पडले, माणसं गेली. त्या आठवड्यात आमच्या डब्यात कुणी फार बोललं नाही. मुलगी रोज विचारते, आत होतीस ना?

---

निशिगंध | १७ नोव्हेंबर, दुपारी १.३०

पळसपान, तुझं वाचून डबा आठवला. माझ्याही पाच मैत्रिणी त्या गाडीत आहेत. ग्रुपवर अजून रोज सकाळी मेसेज पडतो, "गाडी चार मिनिटं लेट, पंख्याखाली जागा आहे". मी वाचते आणि काहीच लिहीत नाही. त्यातल्या एकीने मला सांगितलं, आता तुझी जागा आम्ही नेहाच्या भाचीला दिली. ती मुलगी नवीन आहे, कल्याणपर्यंत उलटी जाऊन बसून येते. बरं वाटलं आणि पोटात तुटलंही.

आणि तू पैशांचं म्हणालीस ते शंभर टक्के खरं आहे. जे इथे येऊ शकत नाहीत त्यांनी काहीतरी चुकीचं केलंय असं माझ्या लिहिण्यातून वाटलं असेल तर मला माफ कर.

---

करीरोडचा_काका | १७ नोव्हेंबर, रात्री ९.१५

मी जन्मापासून इथलाच, पागडीच्या खोलीत वाढलो, आता मीही टॉवरच्या मूळ भाडेकरूंच्या विंगमध्ये. भाड्याने येणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो, कारण गेल्या दहा वर्षांत आमच्या मजल्यावर बरीच कुटुंबं आली आणि फसली.

लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. मालक "नुसत्या स्टॅम्प पेपरवर करू" म्हणाला की उठून यायचं. आता आधार आणि अंगठा घेऊन एजंट घरी येऊन ऑनलाइन नोंदणी करून देतात, तासाभराचं काम आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही त्याच वेळी देऊन टाका. मुदत संपल्यावर मात्र मुक्काम लांबवू नका. कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट भाडं मागू शकतो.

जागा बघायला सकाळी साडेआठला जा. तेव्हा लिफ्टचं खरं रूप कळतं. आमच्याकडे बावीस मजल्यांना तीन लिफ्ट आणि शाळा-ऑफिसच्या वेळेला एक तरी बंद. चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना विचारा.

पावसाळ्यात परळजवळचा हिंदमाता चौक बघून घ्या. प्रमोद महाजन उद्यानाखाली पाणी साठवायच्या टाक्या झाल्यापासून पूर्वीसारखं दिवसभर तुंबत नाही, पण मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की रस्ता जातोच. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ पासून बंद आहे, त्यामुळे प्रभादेवीच्या बाजूला नोकरी असणाऱ्यांनी नकाशावरचं अंतर बघून घर घेऊ नये. पुलाला वळसा घालून चालून बघावं.

बाई, मार्च ते मे मिरची गल्लीचा मोसम. तुम्ही मेअखेर आलात म्हणून वाचलात. वारा आपल्या बाजूला असला की चौदाव्या मजल्यावरसुद्धा ठसका लागतो. मुलाला दमा असेल तर आत्ताच बोला.

---

निशिगंध | १७ नोव्हेंबर, रात्री १०.०२

काका, लिफ्टचं अगदी खरं. मुलाला आम्ही पंधरा मिनिटं आधी खाली पाठवतो. दमा नाही, पण ठसक्याचं ध्यानात ठेवते. करार नोंदवलेला आहे, तुमच्यासारख्याच एका शेजाऱ्याने मार्चच्या धाग्यावर बजावलं होतं.

एक गोष्ट मी लिहायला विसरले. इथे मजल्यावरची सगळी दारं दिवसभर उघडी असतात. ही माणसं एकाच चाळीतून उचलून इथे आणलेली, त्यामुळे पॅसेजमध्ये गॅलरीसारखंच बसतात. पहिल्या आठवड्यात शेजारच्या मावशींनी मुलाला शाळेतून आल्यावर थालीपीठ दिलं आणि मला फक्त कळवलं, विचारलं नाही. डोंबिवलीत चौदा वर्षांत शेजारच्या घरात मी दोनदा गेले होते. त्यात शेजाऱ्यांचा दोष नव्हता, मी घरी असायचेच नाही.

---

मुळाकाठ | १८ नोव्हेंबर, सकाळी ११.४८

पुण्याहून. मी ऑफिसजवळ म्हणून २०१८ मध्ये वाकडला भाड्याने गेलो, हिंजवडीला स्कूटरने दहा मिनिटं. दीड वर्षात कंपनीने जागा बदलली आणि ऑफिस खराडीला गेलं. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. मुलीची शाळा वाकडला, बायकोची नोकरी चिंचवडला, म्हणून मी दोन वर्षं दुचाकीवर शहर आडवं कापलं. मणक्याचा त्रास तेव्हाचा.

त्यावरून शिकलो ते एवढंच. घर ऑफिसजवळ घेऊ नये, जिथून सगळीकडे जाता येतं अशा ठिकाणाजवळ घ्यावं. आता आम्ही शिवाजीनगरला, सिव्हिल कोर्टला चालत जाता येईल अशा जागी आहोत. तिथे मेट्रोचे दोन्ही मार्ग मिळतात. वनाज-रामवाडी मार्ग मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाल्यावर मी रामवाडीला उतरून पुढे रिक्षा करतो. बायको दुसऱ्या मार्गाने पिंपरीकडे जाते. कंपनीने उद्या पुन्हा जागा बदलली तरी निम्मा रस्ता तरी हातात राहील.

निशिगंध, तुमचं ऑफिस हललं तर?

---

निशिगंध | १८ नोव्हेंबर, दुपारी २.१५

हा प्रश्न नवऱ्याने पहिल्याच दिवशी विचारला होता. म्हणूनच आम्ही वरळीच्या बाजूला बघितलं नाही. लालबागहून करीरोड आणि परळ दोन्ही स्टेशनं चालत, दादर बसने वीस मिनिटं, तिथून पश्चिम रेल्वे आणि आता भुयारी मेट्रोही. ऑक्टोबरमध्ये ती कफ परेडपर्यंत सुरू झाली. ऑफिस बीकेसीला गेलं तर दादरहून मेट्रो, फोर्टला गेलं तर करीरोडहून सीएसएमटी सहा किलोमीटर. ऐरोलीला गेलं तर मात्र परत गाडी बदलत जावं लागेल. तोवर अकरा महिन्यांचा करार आहे, हा भाड्याने राहण्याचा फायदा. विकत घ्यायचा विचारही केला नाही, तेवढे पैसे नाहीत.

---

हडसनकाठची | १९ नोव्हेंबर, पहाटे ५.२०

न्यू जर्सीहून. एडिसनचं चार बेडरूमचं घर भाड्याने देऊन आम्ही जर्नल स्क्वेअरला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये आलो. एडिसनहून मॅनहॅटनला गाडीने तास आणि स्टेशनवर पार्किंगची रोजची धावपळ. इथून पाथ रेल्वेने पंधरा-वीस मिनिटं. निशिगंधसारखाच हिशोब, फक्त आमच्याकडे अंगण गेलं. एडिसनला मी तेरा वर्षं कढीपत्ता कुंडीत जगवला होता, थंडीत आत, उन्हाळ्यात बाहेर. इथे खिडकीला ऊन नाही म्हणून मैत्रिणीकडे ठेवला. न्यूअर्क अव्हेन्यूवर खाली उतरलं की कढीपत्ता मिळतो. पण तो आपला नव्हे.

तुमच्या सासूबाईंचं वाचून आईची आठवण आली. तिला आम्ही एडिसनच्या घरीच ठेवायचा विचार केला होता, तेव्हा तिने नकार दिला आणि पुण्याला परत गेली. तुम्ही जो अपराधीपणा लिहिलात तो माझ्याही घरात आहे.

---

अंगतपंगत | १९ नोव्हेंबर, रात्री ९.३३

शाळेचं सांगा ना. मुलगा मराठी माध्यमात आहे का? लालबाग-परळला मराठी शाळा उरल्यात का? आम्हीही अंबरनाथहून हलायचा विचार करतोय, मुलगी तिसरीत.

---

निशिगंध | १९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

हो, मराठी माध्यम. शाळा आहेत, जुन्या आणि चांगल्या इमारतींत आहेत, मुलं मात्र कमी. त्याच्या वर्गात २३ मुलं. डोंबिवलीत ६१ होती. बाई प्रत्येकाची वही बघतात. चौथीत प्रवेश मिळायला काही अडचण आली नाही, दाखला आणि आधार घेऊन गेलो, दोन दिवसांत झालं. पण तुकडी पुढच्या वर्षी राहील का याची खात्री मुख्याध्यापकांनी दिली नाही, प्रामाणिकपणे सांगितलं. पाचवीनंतर काय याची मला काळजी आहे. तुम्ही आलात तर एक मुलगी वाढेल, हे मी स्वार्थाने सांगतेय.

पहिले दोन महिने तो रडला. डोंबिवलीतलं मैदान, आजी, मित्र. ऑगस्टमध्ये गणपती आले आणि मजल्यावरच्या मुलांनी त्याला आरतीच्या टाळांत घेतलं, मग रुळला. त्या दहा दिवसांत आमच्या गल्लीतून राजाच्या दर्शनाची रांग होती. दूधवालासुद्धा वर येऊ शकला नाही. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी त्या दिवसांत गावाला जाण्याची सोय आधीच करावी.

---

करीरोडचा_काका | २० नोव्हेंबर, सकाळी ७.५०

बाई, तुमचे सासरे कुठल्या चाळीत होते? वडिलांना ओळखीचे असतील. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरलाय का त्यांच्या नावाने? वारसांना भरता येतो.

---

निशिगंध | २० नोव्हेंबर, सकाळी ९.१०

काका, चाळीचं नाव तुम्हाला खाजगीत कळवते. अर्ज भरलेला आहे, नंबर लागलेला नाही.

---

निशिगंध | २३ नोव्हेंबर, रात्री ११.३०

इतक्या जणांनी सासूबाईंबद्दल विचारलं म्हणून हे लिहिते.

शुक्रवारी आई स्वतःहून म्हणाल्या की मुलाला बघायला येते. नवरा आणायला गेला. पहिल्यांदाच आल्या. काल सकाळी म्हणाल्या, चल, मसाला बघून येऊ. मिरची गल्लीत त्या माझ्या पुढे चालत होत्या, एकदाही रस्ता विचारला नाही. बेडगी हातात घेऊन देठ मोडून बघितलं, दुकानदाराशी भाव केला, पाव किलो घेतली. मग चिवडा गल्लीतून वळून एका टॉवरच्या फाटकाशी थांबल्या. वॉचमनने कुठे जायचंय विचारलं. त्या म्हणाल्या, कुठे नाही. तिथे त्यांची चाळ होती.

घरी येताना एवढंच बोलल्या की संपाच्या दुसऱ्या वर्षी त्या रोज चाळीस जणांचं जेवण करायच्या आणि पैसे बाराच जण द्यायचे. उरलेल्यांची नावं अजून वहीत आहेत, वही डोंबिवलीच्या कपाटात. "मागायची कुणाकडे?" म्हणाल्या. मी हे कधीच ऐकलं नव्हतं. चौदा वर्षं एका घरात राहून मी त्यांच्याबरोबर इतका वेळ कधी चाललेच नव्हते.

दुपारी त्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसल्या. शेजारच्या मावशींचं माहेर त्यांच्याच गल्लीतलं निघालं. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघी कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या, माझ्याकडे लक्षही नव्हतं.

आज रात्री मी विचारलं, आई, राहता का थोडे दिवस? म्हणाल्या, मंगळवारी भिशी आहे, कुकरची रिंगही बदलायची राहिली आहे. उद्या सकाळच्या स्लोने नवऱ्याबरोबर निघतील, तो ठाण्याला उतरेल, त्या पुढे जातील. बेडगी मिरची इथेच ठेवायला सांगितली आहे. मार्चमध्ये येऊन मसाला करून देते म्हणाल्या.

पळसपान, उद्या त्यांच्या गाडीत तू नसशील, तू उलटीकडून येतेस. पण पोचल्याचा फोन येईपर्यंत मी ऑफिसात विचारणार आहे, ठाणे गेलं का.